शैलाकडे पाहू न देणारे

शैला गेल्याचं मला तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं ते असं : "मालतीताई, आज पहाटे शैलाने स्पंदन बदललं." मला काही कळेचना. "म्हणजे काय झालं प्रभाकरराव?" असं विचारलं, तर पुन्हा तेच वाक्य, त्याच संथ आवाजात. मग मागून तिच्या सासूबाईंचा हंबरडा ऐकू आला, तेव्हा कळलं. अहो, मेली म्हणा ना! बायको गेल्यावर माणसाने ढसाढसा रडावं, देवाला शिव्या द्याव्यात. हे कसलं स्पंदन? या गोष्टीला आता महिना होऊन गेला, पण तो शब्द आठवला की अजून तोंड कडू होतं.

नव्वदनंतरच्या वर्षांत आम्ही दोघी हिंगोलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. ती भौतिकशास्त्र, मी मराठी. तेव्हा आमच्या भागात भानामतीचं पेव फुटलं होतं. कुणाच्या घरात कपडे पेट घ्यायचे, कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटायच्या, आणि मग एखाद्या एकट्या बाईवर बोट ठेवलं जायचं. शैला सुटीच्या दिवशी एसटी धरून त्या गावांत जायची. सोबत मी, कारण एकटीला घरून सोडत नसत. डोंगरकड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर सगळं गाव एका विधवेला हाकलायला निघालं होतं. शैला पारावर चढली, बिब्बा फोडला आणि त्याच्या तेलाने स्वतःच्या दंडावर फुली काढली. "परवा परत येते. ही फुली फुगलेली असंल. मग सांगा, माझ्यावर कोणी केली भानामती?" तिसऱ्या दिवशी आम्ही खरंच गेलो. दंड असा सुजला होता की तिला बाही वर करवेना. ती बाई मात्र गावातच राहिली. शैलाच्या दंडावरचे ते काळे डाग पुढे कधी गेले नाहीत, आणि ते ती झाकायचीही नाही.

असली ही बाई! एकदा मधल्या सुट्टीत मी कुठल्याशा मासिकात वाचलेलं तिला ऐकवलं, की म्हणे इलेक्ट्रॉनकडे पाहिलं की तो बदलतो. शैला हसता हसता ठसकली. "अगं, पाहणं म्हणजे डोळे वटारणं नव्हे. इतकी चिमुकली वस्तू पाहायची तर तिला उपकरणाचा धक्का लागतोच. अंधारात शेळी चाचपायला गेलीस तर ती जागची हलणारच ना? त्यात तुझ्या मनाचा काडीचा संबंध नाही." मी मराठीची बाई, पण शेळीमुळे मला क्वांटम तेवढं समजलं. आजही तेवढंच समजतं, आणि तेवढं पुरेसं आहे असं वाटतं.

दोनेक वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, "वेळेत आलात. नांदेडला जा, ऑपरेशन करून घ्या, बऱ्या व्हाल." पण शैलाची आई याच दुखण्यात, ऑपरेशननंतर गेलेली. तिचं सगळं शैलाने स्वतःच्या हाताने केलेलं. ती भ्यायली... इतकी भ्यायली की भीतीचं नावही काढेना. नेमकं तेव्हाच मंगल कार्यालयात ते "क्वांटम आरोग्य शिबिर" लागलं. त्या महाराजाचं नाव मी इथे लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला? पांढरा झब्बा, लॅपटॉप, पडद्यावर फिरणारे अणू. प्रभाकररावांनी तिला नेलं. फिजिक्सच्या बाई आल्यात म्हटल्यावर त्या गृहस्थाने तिला व्यासपीठावर बोलावलं आणि इलेक्ट्रॉनबद्दल चार शब्द सांगायला लावले. तिने सांगितले, खरे तेच सांगितले. लगेच तो उठला, "ऐकलंत? आणि आपलं शरीर तरी कशाचं बनलंय? इलेक्ट्रॉनचंच! पाहाल तसं होईल." टाळ्यांचा कडकडाट. भानामतीवाल्यांना तिने ओळखलं होतं, कारण ते अंगारा घेऊन यायचे. हा तिच्याच पुस्तकातले शब्द घेऊन आला आणि तिला म्हणाला, मॅडम, हे फक्त तुम्हालाच कळेल. इतका हलकट डाव मी दुसरा पाहिला नाही.

मग घरात नियम आले. गाठीकडे पाहायचं नाही, तिचं नाव काढायचं नाही, कारण भिऊन पाहिलं की गाठ "खरी" होते. ज्याच्या मनात भीती किंवा शंका, त्याने शैलाच्या खोलीत जायचं नाही. सासूबाई आधी खूशच झाल्या. "आमी तेच म्हनत व्हतो, नजर लागते. तवा हीच हसायची आमाला!" मीठमोहऱ्या ओवाळायला गेल्या, तर पोरानेच हात धरून दाराबाहेर काढलं. म्हणे, माय, तुझी नजर भेवाची आहे.

मी भांडले. तिला शेळीची आठवण करून दिली. ती शांतपणे म्हणाली, "ते पुस्तकातलं फिजिक्स, मालू. हे त्याच्या पुढचं आहे." मी ओरडले, "पुढचं कसलं, कपाळ! दंडावरचे डाग बघ स्वतःच्या." ती रडायला लागली आणि प्रभाकररावांनी मला बाहेर काढलं. माझ्या शंकेने लहरी बिघडतात म्हणून घराचं दार मला बंद झालं. फोन केला की तेच उचलायचे आणि "ती ध्यानात आहे" म्हणायचे. वर्ष असं गेलं.

अखेर तिनेच हट्ट धरून मला बोलावून घेतलं. उदबत्तीच्या धुरातही फुटलेल्या गाठीच्या जखमेचा वास लपत नव्हता. हाडांची मोळी उरली होती. माझा हात धरून म्हणाली, "सगळं बराबर केलं गं मी. पण मधेच भीती वाटायची... माझंच मन कमी पडलं." मी तिला सांगितलं, शैले, मन कमी पडायला ती काय परीक्षा होती का? गाठ होती ती, गाठ! ती नुसती नकारार्थी मान हलवत राहिली. त्या शिबिरवाल्यांनी जीव तर घेतलाच, वर मरणाचा दोषही तिच्याच पदरात बांधला. याची मला किळस येते, आणि ही किळस जावी असं मला वाटतही नाही.

तेराव्याला त्या शिबिराचा एक माणूस आला होता. लोकांसमोर हात जोडून म्हणाला, "मॅडमची साधना उत्तम होती, पण आत कुठेतरी संशय राहिला." मी उठले. "संशय राहिला असता तर ती आज जिवंत असती," एवढंच म्हणाले आणि त्याला दार दाखवलं. कुणी मला अडवलं नाही. प्रभाकरराव खाली मान घालून बसले होते.

निघताना मी शैलाच्या खोलीत डोकावले. खाट तशीच होती, गादीची वळकटी उशाकडे सरकवलेली. समोर जमिनीवर सासूबाई बसल्या होत्या, खाटेवर नजर लावून. रोज दुपारी अशाच बसतात, असं मागून कळलं.

"काहून बसलात इथं एकट्या?" मी विचारलं.

"पाहून राहिले, बाई." त्यांनी मान वळवली नाही. "लेकीवानी सून माही. मरतानाबी तोंड पाहू देल्लं न्हाई मले. आता पाहते रोज. आता माह्या पाहन्यानं कोनाचं काय बिघडून राहिलंय?"