नावावरची गाडी

अकोला स्टेशनवर मुंबईची गाडी यायला वीस मिनिटं होती, आणि तेवढ्यात बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "सुषमा, स्कूटर तुह्या नावावरून उतरली ना?"

"हो बाबा," मी म्हणाले.

उतरली नव्हती. स्कूटर नितीननं घेतली होती. नितीन म्हणजे आईच्या मैत्रिणीचा भाचा. आरटीओबाहेर बसणाऱ्या एजंटानं दोन फॉर्मवर माझ्या सह्या घेतल्या, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमी बिनधास्त जा. पंधरा दिवसात नाव चढते." मला व्हिसाची घाई होती. बाबांनी आयुष्यभर अकोट-अकोला रस्त्यावर एसटी चालवली. ते म्हणायचे, "कागद पक्का नाई त गाडी म्हंजे मोकाट ढोर. कोनाच्या वावरात शिरल, सांगता येत नाई." फलाटावर मी त्यांच्या पाया पडले आणि खोटं तसंच ठेवून डब्यात चढले.

उत्तर जर्मनीतल्या एका गावात, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी नर्स आहे. इथं आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं. नंतर फारशूलमध्ये, म्हणजे तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, नाव घालायचं, थेअरी द्यायची, मग प्रॅक्टिकल. अकोल्याच्या टिळक रोडवरून गाय, ऑटो आणि ठेला चुकवत गाडी काढलेल्या मला तिथला शिकवणारा ओरडायचा, "शुल्टरब्लिक!" म्हणजे वळण्याआधी खांद्यावरून मागं बघ. परीक्षेत मी दोनदा नापास झाले. हे सगळं बाबांना फोनवर सांगताना आम्ही पोट धरून हसायचो.

त्याच दिवसांत माझ्या भारतातल्या नंबरवर मेसेज आला. विना हेल्मेट, अमरावती, दंड. महिन्याभरानं पुन्हा एक. मग विम्याची मुदत संपल्याचा. तिन्ही मेसेज मी बोटानं बाजूला सारले. नितीनला फोन करायला हवा, असं मनात आलं होतं. पण ड्यूटी होती, झोप होती, आणि अमरावती फार लांब होतं.

दुसऱ्या वर्षी सुट्टीवर घरी आले. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन जीप थांबल्या. मी न्हाऊन आतल्या दारामागं केस पुसत होते.

"सुषमा कोन हाय इथं?"

दहा-बारा माणसं होती, दोन बायाही. पुढच्याच्या हातात लोखंडी सळाख. त्याचं नाव गजानन, हे मला नंतर कळलं. तो रडत होता आणि ओरडत होता, दोन्ही एकदम. "काल बडनेरा रोडवर त्या गाडीनं माही बहीण मारली. वीस फूट फरफटत नेलं तिले. चालवनारा गाडी टाकून पयाला. नंबरावर नाव हाय सुषमा. कोठी हाय ते?"

बाबा ओट्यावर उभे राहिले. पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"गाडी माही हाय," ते म्हणाले. "पोरीचं नुसतं नाव हाय कागदावर. ते इथं नसते, फॉरेनले असते."

सळाख खाली आली तेव्हा बाबांनी उजवा हात वर केला. हाडाचा आवाज मला दारामागं ऐकू आला. मनगटाजवळची दोन्ही हाडं गेली, हे मला न बघताच कळलं. माझा धंदाच तो आहे. मग त्यांना ओढून गल्लीत नेलं. कोणी बरगडीत लाथा घातल्या, कोणी डोकं धरून नळाच्या दगडावर आपटलं. आई किंचाळत बाहेर धावली. एका बाईनं तिचे केस धरून तिला नालीत पाडलं. "माह्या पोरीले मारलं तुमी!" ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि आईच्या तोंडावर मारत होती.

मी टॉवेल तोंडात कोंबून दाराच्या फटीतून बघत होते. थांबलेलं हृदय चालू करायला मी रोज धावते. त्या दिवशी माझा पाय उंबऱ्यापर्यंत गेला नाही. बाबांचं तोंड रक्तानं भरलं होतं, तरी त्यांची नजर फटीवर आली. त्यांनी मान हलवली. नको.

शेजारचे लोक काठ्या घेऊन आले तेव्हा जीप निघून गेल्या. आणि तेव्हा मी बाहेर आले. आधी नाही.

ऑपरेशन करून बाबांच्या मनगटात धातूच्या पट्ट्या बसवल्या. डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं. पोलिसांकडून उलगडा झाला. नितीननं नाव चढवलंच नव्हतं. माझ्या सहीचे तेच कोरे कागद जोडून त्यानं स्कूटर अमरावतीत एकाला विकली, आणि तो माणूस दारू पिऊन चालवत होता. ठाण्यातले साहेब म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डवर मालक तुम्हीच. विमाही नाही. आम्ही काय करणार?"

मी तिथून सरळ नितीनच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "ताई, मले काय मालूम असं होईन म्हनून." काउंटरवर त्याचं हेल्मेट पडलं होतं. ते उचलून मी त्याच्या तोंडावर मारलं. तीनदा. दात तुटून काचेवर पडला. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग मागं त्याची बायको ओरडली, कडेवर लेकरू घेऊन, आणि तो आवाज हुबेहूब नालीत पडलेल्या माझ्या आईचा होता. हेल्मेट माझ्या हातातून सुटलं. नितीननं तक्रार केली नाही. कोऱ्या कागदांपायी तोही अडकला असता.

परतीचं विमान मी चुकू दिलं. जबाब द्यायला अमरावतीला गेले, तर ठाण्याच्या व्हरांड्यात गजानन बसला होता, बेड्या घातलेला. मारहाणीत अटक झाली होती, आणि बहिणीच्या केसच्या जबाबासाठी त्यालाही तिथं आणलं होतं. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मी सुषमा. गाडी माझीच होती. बाबा खोटं बोलले."

तो उठला. हवालदारानं त्याचा खांदा धरला. मला वाटलं, मारेल. खरं तर मारावं, असंच वाटत होतं.

"वंदना रस्त्यावर पडली होती," तो म्हणाला. "माही बहीण. लोक गाडीचा फोटो काढून राहिले होते. एक जन म्हनाला नाई, का हे माही हाय." आणि तो खाली बसला.

बाबांनी त्याच्याविरुद्ध जबाब दिला नाही. साहेबांनी दोनदा समजावलं. बाबा एवढंच म्हणाले, "त्याची बहीण गेली साहेब." चालवणारा सापडला, खटला चालू आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, तारखा यांत वर्ष गेलं, तेव्हा कुठं स्कूटरची माझ्या नावावरची नोंदणी रद्द झाली. निवृत्तीनंतर बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. लायसन्सचं नूतनीकरण आलं, तर डॉक्टरांनी त्यांना मूठ मिटायला सांगितली. मूठ मिटली नाही. डॉक्टरांनी सही केली नाही. व्हॅनची किल्ली त्यांनी स्वतः नेऊन दिली.

तुम्हीही कोणी अकोटहून, अमरावतीहून निघाला असाल, पुण्याला, दुबईला, कुठंही. आपल्याला वाटतं, बॅग भरली की निघालो. माझं नाव मागंच राहिलं होतं, त्या गल्लीत, आणि लाथा त्या नावावर पडणार होत्या. इथं जर्मनीत मला माझं घर विचारतात तेव्हा मी नकाशावर बोट ठेवते, अकोला. पण डोळ्यांपुढं ते दार येतं आणि मी अजून त्याच्या मागंच उभी असते.

यंदा गेले, तेव्हा बाबा ओट्यावर डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होते. मी शेजारी बसले. म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी बाहेर यायला पाहिजे होतं. बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी चांगला कान माझ्याकडं वळवला. मी पुन्हा म्हणाले.

"बोलली असती," ते म्हणाले, "त त्याईच्या आधी मीच तुले हानलं असतं."

आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं.