कच्च्या रंगातला गायक

टर्पेंटाइनचा वास आला की वसमतच्या स्टँडसमोरची ती भिंत आठवते. एका बँडच्या पहिल्या कॅसेटची जाहिरात मी तिथं रंगवत होतो. गायक सुभाषचा चेहरा पुरा झाला. रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात माझं नाव टाकलं, तर तो भडकला.

"पेंटरचं नाव काहून? पूस!"

शेजारच्या हॉटेलातल्या सगळ्यांदेखत टर्पेंटाइननं पुसायला लावलं.

"व्हय भाऊ," म्हणालो.

पुढची भिंत त्याच्या गावची, कुरुंद्याच्या एसटी थांब्यासमोरची. तिथं आधी ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत माझं नाव लिहिलं. वाळल्यावर त्यावर, रंग धरून ठेवणारा सरस न घालता, कच्च्या रंगानं सुभाष काढला.

पावसाळ्यात सुभाष धुऊन गेला. माझं नाव अजून आहे, आणि सुभाष रोज त्याच्यासमोरच एसटीची वाट बघतो.