न हसणारी पाहुणी

मी अबू धाबीत ज्या कंपनीत आहे ती बंदरं चालवते, आणि ती बंदरं पर्यावरणाची किती काळजी घेतात हे लिहून काढणं हे तेव्हा माझं काम. ‘शाश्वत विकास’ हे शब्द दिवसभरात इतके टाइप व्हायचे की बोटं आपली आपण चालायची. बॉसने एकदा केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता आपण थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारी जाणार आहोत. तेव्हा मला आधी ती थट्टाच वाटली. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं ऊन होतं.

थट्टा नव्हती. तिकडचा बर्फ कमी होतोय, जहाजांना नवा मार्ग मिळेल, त्या मार्गावर एक बंदर हवं. शेजारी पवनचक्क्या, म्हणजे सगळं हरित. त्या देशाचं शिष्टमंडळ अबू धाबीच्या एका परिषदेला येणार होतं. त्यात सरकारी माणसं होती, आणि रेनडियर पाळणाऱ्या तिथल्या मूळ लोकांपैकी एक बाईही होत्या.

“उनको तुम संभालो,” बॉस म्हणाला. तो दिल्लीचा, बोलायला गोड. “लेडी हैं, तुम भी लेडी हो. कम्फर्टेबल फील करेंगी.” मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “और जरा देखना, किससे मिलती हैं, क्या बोलती हैं. बस, मुझे बताते रहना.”

संध्याकाळी खलिफा सिटीतल्या घरी नवऱ्याला हे सांगितलं. तो कांदा चिरत होता, तो थांबला.

“म्हणजे पाळत ठेवायची?”

“सोबत करायची.”

“सोबत करायची असती तर इव्हेंट कंपनीची एखादी मुलगी दिली असती. तुला कशाला?” तो म्हणाला. “उद्या काही बिनसलं तर नाव तुझं पुढे येईल. आपला व्हिसा कंपनीच्या हातात आहे, विसरू नकोस.”

विसरण्यासारखं ते नव्हतंच. इथे प्रत्येक गोष्ट त्या एका शब्दाशी बांधलेली असते, घराच्या भाड्यापासून मुलीच्या शाळेपर्यंत.

विमानतळावर मी फर, मणी, रंगीत टोपी असं काहीतरी डोक्यात घेऊन उभी होते. प्रत्यक्षात आल्या त्या साध्या करड्या जाकिटातल्या, बुटक्या, साठीच्या पुढच्या बाई. चेहरा वाऱ्याने रापलेला, डोळे बारीक. हातात मात्र दोन फोन. माझ्या मनात पाल चुकचुकली. जनावरं राखणाऱ्या बाईला दोन फोन कशाला लागतात?

त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेऊन नीट वाचलं. कार्ड सोडून विचारलं, “तू कंपनीची आहेस. सरकारची नाहीस?”

“कंपनीची.”

“माझ्याबद्दल कुणाला सांगायचंय तुला?”

त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण प्रश्न सरळ होता. मी हसून म्हटलं, “मी तुमच्या मदतीला आहे.” त्या हसल्या नाहीत. गाडीत बसताना मागच्या सीटवर टेकल्या आणि ड्रायव्हरच्या आरशात बघत राहिल्या.

त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा होता. टाय बांधलेला, राजधानीत राहणारा, शिष्टमंडळात ‘समाजाचा प्रतिनिधी’ म्हणून आलेला. मावशी खोलीत गेल्या तसा तो मला लिफ्टपाशी म्हणाला, “मावशीचं मनावर घेऊ नका. तिला सगळ्यांचाच संशय येतो. माझाही.”

“का?”

“कारण मला बंदर हवंय. आमच्या गावात तरुण मुलं उरली नाहीत. रेनडियर सगळ्यांना पोसू शकत नाहीत.” तो खरं बोलतोय असं वाटलं. पण पाठोपाठ त्याने विचारलं, “तिने गाडीत काही विचारलं का?” आणि मी सावध झाले. म्हणजे यालाही बातमी हवी होती.

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या हॉलमध्ये आमच्या बंदराचं मॉडेल मांडलं होतं. पांढरा थर्माकोलचा बर्फ, निळा समुद्र, इवल्या फिरत्या पवनचक्क्या, आणि कोपऱ्यात प्लास्टिकची दहाबारा रेनडियर. बाईंनी आता आपला पारंपरिक पोशाख घातला होता. गडद निळा झगा, लाल पट्ट्या, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर टोपी. कंपनीचा फोटोग्राफर त्यांच्या मागेच लागला.

एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. फोटोग्राफर मॉडेलजवळ आला की बाई तिथे नसायच्या. कधी पाणी प्यायला जायच्या, कधी वॉशरूमला, कधी नेमक्या पाठमोऱ्या. आणि मधूनच गॅलरीत जाऊन दुसऱ्या फोनवर आपल्या भाषेत हळू आवाजात बोलत राहायच्या. मी काचेतून बघायचे. त्यांनी वळून मला पाहिलं की मी नजर फिरवायचे. आता विचार केला की वाटतं, त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींवर पहारा देत होतो.

बॉस वैतागला. “एक फोटो चाहिए यार. मॉडेल के पास, स्माइलिंग. इतना भी नहीं होगा?”

“परवानगी विचारू का त्यांना?” मी म्हटलं.

“पूछोगी तो ना बोलेगी.”

दुपारी जेवणानंतर बाई माझ्याजवळ आल्या. “मला उंट बघायचेत. तुझ्या गाडीने नेशील? कंपनीची गाडी नको.”

कंपनीची गाडी का नको? वाटेत कुणी पत्रकार उभा असला तर? त्या कुणाला भेटल्या आणि मीच त्यांना तिथे नेऊन सोडलं असं झालं तर? बॉसला मेसेज केला, त्याने लगेच होकार दिला. आणि तो इतक्या लगेच का दिला, याचाही मला संशय आला.

अल वथबाच्या बाजूला उंटांचे गोठे आहेत. ऊन उतरलं होतं. पत्रकार वगैरे कुणी नव्हतं. होते ते उंट, आणि चारा टाकणारा एक सुदानी म्हातारा. बाई कुंपणाला हात टेकून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. एका सांडणीने मान लांब करून त्यांच्या टोपीचा वास घेतला, तशा त्या मागे सरल्या.

“आवडले?” मी विचारलं.

“नाही. वरून खाली बघतात. आमच्या सरकारी माणसांसारखे.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मी धीर करून विचारलं, “तुम्ही फोटो का टाळता?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. विश्वास टाकावा की नाही हे त्या ठरवत असाव्यात. मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना त्यांच्या नदीवर धरण बांधायला लोक आले होते. कॉफी आणली, मुलांना मिठाई वाटली, फोटो काढले. फोटोवाल्याची टोपी कुत्र्याने पळवली आणि त्यांची आई खळखळून हसली. नेमका तोच फोटो धरणाच्या ऑफिसात मोठा करून लावला, खाली लिहिलं, ‘स्थानिकांच्या सहकार्याने’. आईची चराईची जमीन तोवर पाण्याखाली गेली होती.

“आई गेली. तो फोटो अजून तिथे आहे,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणतात, बघा, तुम्ही तर खूश होता.”

“आणि आता हे बंदर?”

“बंदर समुद्रावर आहे. रस्ता आणि विजेचे खांब आमच्या जमिनीवर. जिथे माद्या वितात, बरोबर तिथून.” त्यांनी हाताने हवेत एक आडवी रेघ ओढली. “पवनचक्की फिरते तिथे रेनडियर जात नाही. मी हे सांगायला आले. पण मला बोलायला वेळच दिलेला नाही. मला फक्त उभं राहायला बोलावलंय.”

आम्ही परत निघालो. त्यांचं बोलणं मला पटलं होतं. पण मन दुसरंच काही कुरतडत होतं. हे सगळं त्यांनी मलाच का सांगितलं? मी कंपनीत आतून काही करावं म्हणून? मुलीला घरी गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, “मम्मा, मेबी शी जस्ट वॉन्टेड टू टॉक.” नवरा म्हणाला, “बॉसला काय सांगणार आहेस?”

बॉसला मी सांगितलं, उंट बघितले. तेवढंच.

शेवटच्या दिवशी सह्यांचा समारंभ होता. भाषणांत ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ इतक्यांदा आलं की शेजारचा माणूस डुलक्या घ्यायला लागला. बाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर, दगडासारख्या. नंतर सगळे चहापाण्याला बाहेर आले. मिठाईच्या टेबलावर पाहुण्यांच्या सन्मानार्थ हॉटेलने खजुराचं भलंमोठं रेनडियर केलं होतं. पण साचा त्यांच्याकडे उंटाचाच असणार. पाठीवर चांगली ठसठशीत मदार, आणि डोक्यावर चॉकलेटची शिंगं खोचलेली. कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘रेनडियर’.

“ते बघा,” मी बाईंना म्हटलं.

त्यांनी बघितलं. आधी कळेना त्यांना. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, आणि त्या हसल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसायला लागले. त्या माझ्या दंडाला धरून काहीतरी सांगू बघत होत्या, शब्द फुटत नव्हता.

कॅमेऱ्याचा आवाज आला.

फोटोग्राफर टेबलापलीकडेच उभा होता. तिथून आमच्या मागे, हॉलच्या उघड्या दारातून, बंदराचं मॉडेल बरोबर येत होतं. हे मला त्या क्षणी दिसलं, आणि त्यांनाही. त्यांनी माझा दंड सोडला. चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला.

“त्यांनी तुला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“नाही. शपथ घेऊन सांगते, नाही.”

“ते बघा म्हणालीस. मी बघितलं.”

मी त्यांच्या मागे गेले, पण त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार मिटलं. थोड्या वेळाने भाचा खाली आला. मावशीने बॅग भरली, रात्रीच्या विमानाची वाट न बघता आत्ताच विमानतळावर जाऊन बसणार आहे, म्हणाला. “तुम्ही चांगलं काम केलंत,” असंही म्हणाला. ते कौतुक होतं की टोमणा, मला आजही ठरवता येत नाही.

बॉसने तर माझ्याशी हातच मिळवला. “ब्रिलियंट! वो ऊंटवाला आयडिया तुम्हारा था?”

“कुणाचा होता?” मी विचारलं. “तुमचा होता का?”

तो नुसता हसला. ते खजुराचं जनावर मुद्दाम केलं होतं की स्वयंपाकघरातली गफलत होती, हे मला कधीच कळलं नाही. फोटोग्राफर तिथे आधीपासून का उभा होता, तेही नाही.

“तो फोटो वापरता येणार नाही,” मी म्हटलं. “त्यांनी परवानगी दिलेली नाही. इथे परवानगीशिवाय कुणाचा फोटो छापणं गुन्हा आहे. हे आपण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.”

“अरे, पब्लिक इव्हेंट था. छोड़ो ना.”

“मी लीगलला लिहिते.”

त्याचं हसू गेलं. “सोच लो,” एवढंच म्हणाला.

विचार मी केला, घरी येऊन, नवऱ्याशी भांडून. तो म्हणत होता, ती बाई तुझी कोण? ती तुला खोटारडी म्हणून निघून गेली. मी म्हटलं, म्हणूनच. सकाळी मी लीगलला लिहिलं. आमच्या लीगलला बाईंचं सोयरसुतक नव्हतं, पण कोर्टाचं होतं. फोटो सगळीकडून काढून टाकला गेला. पुढे माझी बदली झाली. आता मी गोदामांच्या विजेच्या बिलात बचत कशी करावी हे सुचवते. काम वाईट नाही. बॉस कॉरिडॉरमध्ये भेटला की “ऑल गुड?” विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

करार झाला, पण तिकडे रस्त्यावरून वाद लागला आणि तो अजून मिटलेला नाही. काही महिन्यांनी आमच्या लॉबीत एक मोठं चित्र लागलं. बर्फ, पवनचक्क्या, आणि मधोमध निळ्या झग्यातली एक म्हातारी, गोड हसणारी. अशी बाई कुठे नाहीच, कंप्यूटरने बनवलेली. मी ते चित्र मोबाइलवर घेतलं आणि बाईंना पाठवलं. सोबत लिहिलं, तुमचा फोटो मी काढून टाकायला लावला होता, त्याच्या जागी हे लावलंय.

बरेच दिवस उत्तर नाही. मग एका शनिवारी सकाळी, मी पोह्यांना फोडणी देत असताना, व्हिडिओ कॉल आला. बाईच होत्या. डोक्याला रुमाल, मागे लाकडी भिंत.

“ही बाई कोण?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“तिने पुरुषाचा पट्टा घातलाय.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “भाचा सांगत होता, तुझी जागा गेली.”

“जागा नाही, टेबल बदललं.”

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, चेहऱ्यावरून कळेना. मग फोनच्या जवळ येऊन म्हणाल्या, “खोलीत अजून कोण आहे?”

मी फोन हातात घेऊन सगळीकडे फिरवला. गॅस, कढई, कोथिंबीर निवडणारा नवरा, गादीवर आडवी पसरलेली मुलगी. मुलीने हात हलवला. “बघा, एवढेच आहोत.”

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि रस्त्याच्या खटल्याचं सांगायला लागल्या. त्या बोलत असताना त्यांच्या मागून कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. मी काही विचारलं नाही. त्यांनीही आपला फोन फिरवला नाही.