खंडेनवमीचा कंपायलर

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझे थोरले चुलते गेले आणि मी त्यांच्याबद्दल वाईटच बोलणार आहे, कारण ते असताना आमच्या घरात तशी सोय नव्हती.

नसरापूरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. झेरॉक्स, कुंडली, लग्नपत्रिका. दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या सगळ्या भावकीत कॉम्प्युटर तेवढा तिथेच. त्याच्यावर काकूने विणलेलं झाकण असायचं आणि ते काढायचा अधिकार फक्त काकांना.

मी नुकतीच पुण्यात पदवी घेऊन घरी परतले होते. शेवटच्या वर्षी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला ठिपक्यांची नावं द्यायची, कोण कोणाला जोडलेलं आहे ते सांगायचं, की तो रेषांचा गुंता न करता आलेख काढून द्यायचा. मी आमचीच गावं घातली होती. हायवे ही मधली रेष. एक फाटा नसरापूरवरून वेल्ह्याला, पुढचा भोरला, खाली पुलापाशी सारोळे. पुण्यातल्या एका लहान कंपनीच्या साहेबांना तो आवडला. पण आमच्या कॉलेजात लिनक्स आणि त्यांच्याकडे सगळं विंडोज. ते म्हणाले, "विंडोजवर चालवून सीडी घेऊन या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलात तर जागा तुमची."

श्रावणात सारोळ्याचं एक स्थळ मला बघून गेलं होतं. काकांनीच आणलेलं. वडील त्यांच्यापुढे मान वर करत नसत, पण मला एकदा हळूच म्हणाले होते, "नोकरी लागली तर दोन वर्सं लग्नाचं नाव काढणार न्हाई." तेव्हा माझी दोन वर्षं त्या सीडीवर होती.

विंडोजवर कंपायलर आयता येत नाही. आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करणारा कंपायलर, झालेले तुकडे जोडणारा लिंकर, दोघांना क्रमाने कामाला लावणारा मेक आणि चित्र काढणारी लायब्ररी, असा सगळा संसार मी कॉलेजातून सीडीवर उतरवून एसटीने आणला. काकांनी विचारलं, "ह्ये काय असतंय?"

"हत्यारं आहेत काका. सुताराला रंधा-पटाशी असते ना, तशी माझी."

"आसं व्हय," म्हणाले आणि झाकण काढलं. तेवढ्यावर मी त्यांना देवमाणूस समजले. बावळटच होते.

पहिलं विघ्न देवाचंच. काकांच्या कॉम्प्युटरवर जे काही ठेवायचं ते 'श्री काळूबाई प्रसन्न' या फोल्डरमध्ये, हा दंडक. आणि मेकला नावातली मोकळी जागा चालत नाही. 'श्री'पाशी यायचा आणि पुढची काळूबाई त्याला सापडायची नाही. मी शेवटी काकांची नजर चुकवून सगळी हत्यारं देवीच्या बाहेर, उघड्यावर मांडली. मग लायब्ररी सापडेना. मग लिंकर रुसला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायचं, पत्रिकेचं काम आलं की उठायचं. नवरात्रात माळा चढत गेल्या तशा चुका उतरत गेल्या, आणि आठव्या माळेला चित्र पडद्यावर आलं.

मला रडू आलं. मागे काका उभे होते. "ह्ये आपली गावं व्हय? झ्याक!" म्हणाले आणि छापून घेतलं.

चित्रात एक खोट होती. नावं फाट्यांवर उलटी बसत होती. भोरच्या जागी वेल्हे आणि वेल्ह्याच्या जागी भोर. विंडोजवर आणताना माझा एक क्रम फिरला होता. कुठे ते मला कळलं होतं. एक बैठक हवी होती, फक्त एक.

सकाळी दुकानात गेले तर कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाचं बोट आणि कीबोर्डला गुंडाळलेला दोरा. खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कोयता-कुऱ्हाड, नांगर, वजनकाटा सगळं धुऊन पुजतात आणि दसऱ्याच्या रात्री आपट्याची पानं वाटून होईपर्यंत हात लावत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कॉम्प्युटर त्यात येईल हे डोक्यातच आलं नाही.

"काका, थोडाच वेळ. परवा सकाळी पुण्याला जायचंय."

"आज हत्याराला हात लावायचा नस्तो."

"हे कुठलं हत्यार?"

"तूच म्हनलीस न्हवं, सुताराचा रंधा म्हनून?" ते हसले. माझे शब्द त्यांनी नीट जपून ठेवले होते.

मी वडिलांकडे गेले. वडील पायाकडे बघत म्हणाले, "थोरले हायेत." झालं.

दुपारी राहवेना म्हणून पुन्हा गेले. दुकानातून प्रिंटरचा आवाज येत होता. हार बाजूला, दोरा तोडलेला, आणि काका गठ्ठा सारखा करत बसलेले. "शुभकार्याला दोष न्हाई," म्हणाले आणि एक पत्रिका माझ्या हातात दिली. चि. सौ. कां. आणि पुढे माझं नाव. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. सारोळ्याला जाऊन पुरुषांनी सुपारी फोडून आठवडा झाला होता. वडील त्यात होते. भोरच्या मंगल कार्यालयाचा पत्ता होता आणि मागच्या बाजूला, पाहुण्यांना वाट कळावी म्हणून, माझा आलेख.

माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. "हे चित्र चुकलंय. भोर आणि वेल्हे उलटं आलंय. मला बसू द्या, नीट करते."

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," काका म्हणाले, आणि प्रिंटरमध्ये कागद भरला.

मी त्यांचा द्वेष केला. अजून करते.

लग्नात नवरदेवाचे मामा आणि मुंबईचे पाहुणे मुहूर्ताला पोहोचले नाहीत. गाडीवाला नवखा, पत्रिका बघत वळला आणि सगळे गेले वेल्ह्याला. तोरण्याखाली मंगल कार्यालय शोधत फिरले म्हणे. इकडे अंतरपाट धरून माणसांचे हात दुखायला लागले, भटजी घड्याळ बघत राहिले. अखेर मामा आले ते पत्रिका नाचवतच. "कुणी काढलाय ह्यो नकाशा?"

काकांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. "हिनंच. कंप्युटरवर."

माझे होणारे सासरे मोठ्यांदा हसले. "आन ही म्हनं पुण्याला नोकरी करनार व्हती!"

सगळा मांडव हसला. वडीलही हसले. मग अक्षता वाटल्या गेल्या आणि मंगलाष्टकं सुरू झाली.