सासूबाईंचं कुंकू आणि आयएसओ आठशे

माझ्या एका फोटोमुळे माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन रद्द व्हायची वेळ आली होती. सांगायला लाज वाटते, पण तोवरच्या माझ्या फोटोंपैकी तो सगळ्यात स्वच्छ होता.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. मुंबईबाहेर आचोळ्याला आमचं बिऱ्हाड होतं आणि मी मुंबईत जाहिरातींचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत कामाला होतो. स्टुडिओत मिडियम फॉरमॅटचा कॅमेरा होता, त्याच्या पाठीला फिल्मच्या जागी डिजिटल बॅक. साध्या कॅमेऱ्यापेक्षा त्याची फ्रेम मोठी, त्यामुळे बिस्किटावरचा साखरेचा कण न् कण मोजून घ्यावा. मात्र ही सगळी ऐट भरपूर उजेडात. अंधारात आयएसओ वाढवला, म्हणजे कमी उजेडात जास्त बघायला लावलं, की गडी बिथरायचा आणि फोटोभर रंगीत दाणे उमटायचे. त्याला नॉइज म्हणतात. मला नॉइजचा भयंकर तिटकारा. दुसऱ्याच्या फोटोत दिसला तरी माझं डोकं फिरायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचो. त्यामुळे मला मित्र कमी.

माझी बायको जवळच्याच चांदीप गावची. घरची भातशेती. त्या वर्षी सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी लांबवू नका म्हणून बजावलं होतं. दोन आठवड्यांनी मंगळवारी दाखल व्हायचं, असं नक्की झालं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला बोलावलं.

"जावयबापू, ते जायच्या आधी आमचा जोडीनं एक फोटो काढा. लग्नात कोनी काढलाच नव्हता."

एवढंच म्हणाल्या. चाळीस वर्षांचा संसार आणि जोडीचा एक फोटो नाही. जावई फोटोग्राफर असून ही गत.

मालकांच्या विनवण्या करून मी एका रविवारपुरता तो कॅमेरा मिळवला. लाइट मात्र द्यायला ते तयार नव्हते. मांडीवर बॅग घेऊन, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्यावर खेकसत मी चांदीपला पोचलो. सासरे म्हणाले, "मी अंगनात येतो की, चांगला उजेड हाय." सासूबाईंनी त्यांना खाटेवरून उठूच दिलं नाही. आतल्या खोलीत दिवसाही पिवळा बल्ब लागायचा. त्याच उजेडात दोघं शेजारी बसली. सासूबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि कपाळावर बंद्या रुपयाएवढं लालभडक कुंकू. मी दात-ओठ खाऊन आयएसओ आठशेवर नेला आणि दहा-बारा फोटो काढले. सासरे प्रत्येक वेळी श्वास रोखून बसायचे. त्यांना म्हटलं, "बाबा, श्वास घ्या, नाहीतर डॉक्टर मला धरतील."

घरी कॉम्प्युटरवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. सगळं पिवळं, आणि सावलीच्या जागी कुणी तिखट-हळद सांडल्यासारखे दाणे. हा रंगीत फोटो मी कुणाला दाखवणं शक्य नव्हतं. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करायचं ठरवलं.

हे करताना एक सोय असते. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. त्यांना चॅनल म्हणतात. कृष्णधवल फोटो कुठल्या थरातून किती उचलायचा, हे आपण ठरवतो. बल्बच्या उजेडात निळं जवळपास नसतंच, तेव्हा निळा चॅनल म्हणजे नुसती दाण्यांची खिचडी. हिरवा बरा. लाल मात्र एकदम स्वच्छ. मी फोटो सबंधच्या सबंध लाल चॅनलमधून उचलला. जादूच झाली. दाणे गेले, सुरकुत्या मऊ झाल्या, दोघं दहा वर्षांनी तरुण दिसायला लागली. दोन संध्याकाळ मी एकेक कोपरा मोठा करून नॉइज हुडकत बसलो होतो. स्टुडिओत सोळा बाय वीसचा प्रिंट काढला. मालकसुद्धा म्हणाले, "आठशेला? शक्यच नाही." मला आकाश ठेंगणं झालं.

शनिवारी प्रिंट घेऊन आम्ही चांदीपला गेलो. सासऱ्यांनी तो हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला आणि हसत म्हणाले, "म्हंजे मी गेलो वाटतं!"

मला कळेना. बायको वाकून बघायला आली आणि तिचा चेहराच उतरला. "अरे, आईचं कपाळ मोकळं आहे."

खरंच मोकळं होतं. लाल चॅनलमध्ये लाल रंग उजळ होतो, कातडीइतकाच. बंद्या रुपयाएवढं कुंकू कातडीत मिसळून गेलं होतं. ही गोष्ट मी शाळेतल्या पोरालाही समजावून सांगितली असती, आणि दोन संध्याकाळ त्याच कपाळाकडे बघून मला ती दिसली नव्हती. मी दाणे बघत होतो. माणसं बघतच नव्हतो.

मी समजवायला लागलो. चॅनल, बल्ब, लाल, हिरवा. सासूबाईंनी ऐकून घेतलं, जावयाचं बोलणं मध्येच कोण तोडणार? मग त्या उठल्या आणि कोपऱ्यातली, हॉस्पिटलसाठी भरून ठेवलेली पिशवी त्यांनी पुढ्यात ओढली. सासऱ्यांची बनियनं काढली, टॉवेल काढला, एकेक घडी पुन्हा कपाटात ठेवली.

"आई, काय करतेस?" बायकोने विचारलं.

"आपरेशन नको. नाय जायचं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. एका प्रिंटवरून माणसाच्या जिवाशी खेळ? मी आवाज चढवून म्हटलं, "आई, हा शकुन नाही, ही माझी चूक आहे." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे भरलेले होते.

"तुमची चूक असंल. पन मी बघितलं ना आता. कशी धाडू त्यांना?"

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. म्हटलं, "मी सोमवारी दुसरा आणतो. त्यात कुंकू असेल."

"वरून काढू नका," त्या म्हणाल्या. "गावात बाई गेली का स्टुडिओवाला तिच्या फोटूला वरून कुंकू काढून देतो. तसलं नको. त्या दिवशी मी लावलेलं असंल तर तेच पायजे."

परत येताना बायको म्हणाली, "ब्रशने एक ठिपका दे ना, तिला काय कळणार?" माझ्याही मनात तेच आलं होतं. दोन मिनिटांचं काम. पण रविवारी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि माझा हात पुढे होईना. नवऱ्याला भुलीच्या टेबलावर पाठवायचं की नाही, हे ती बाई ज्या ठिपक्यावर ठरवणार होती, तो मी कसा काढू?

लाल चॅनल पूर्ण बंद केला आणि फोटो हिरव्यातून उचलला. कुंकू होतं. काळंकुळकुळीत, गोल, एका बाजूला जरा ओघळलेलं. त्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. सासऱ्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सासूबाईंच्या गालावरचे वांग, गळ्याच्या शिरा आणि फोटोभर रव्यासारखे दाणे. सॉफ्टवेअरने दाणे पुसायला गेलो, तर कुंकवाची कड विरायला लागली. तेव्हा तो नादच सोडला. स्टुडिओत प्रिंट निघताना मालकांनी भुवया उंचावल्या. मी तो दाणेदार प्रिंट तसाच गुंडाळून घेतला. माझ्याकडून हे पहिल्यांदाच घडत होतं.

सोमवारी संध्याकाळी सासूबाईंनी प्रिंट दारात उजेडाला धरला. कपाळावर बोट टेकवलं. मग नखाने हलकेच खरवडून बघितलं, वरून लावलंय का म्हणून. प्रिंटवर ओरखडा उठला, तोही मी गिळला.

"हे ओघळलंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घाम आलेला मला." मग आत वळून म्हणाल्या, "अहो, टॉवेल एक घेऊ का दोन?"

ऑपरेशन झालं. सासरे घरी आले आणि वर्षभरात पुन्हा बांधावर जाऊन मजुरांशी भांडायला लागले. तो दाणेदार फोटो फ्रेम करून खाटेसमोर लागला. येणारा जाणारा म्हणायचा, धुरकट आलाय. सासूबाई म्हणायच्या, माझ्या जावयानं काढलाय.

चार वर्षांनी सासूबाई गेल्या. साधा ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. बायकांनी त्यांचा मळवट भरला. सवाष्ण गेली, नशीबवान होती, असं जो तो म्हणत होता. सासरे भिंतीला टेकून ऐकत होते. मला त्या बोलण्याचा संताप येत होता, पण त्या घरात त्या दिवशी संतापून काय करणार?

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मी सासऱ्यांजवळ खाटेवर बसलो. ते फोटोकडे बघत होते.

"मी आधी गेलो असतो, तर हिचं कुंकू पुसलं असतं सगळ्यांनी," ते म्हणाले. "चार लोकांना दिसलं असतं, हिचा नवरा गेला." मग त्यांनी स्वतःच्या कपाळावरून तळवा फिरवला आणि मला विचारलं, "माझं काय पुसनार?"