सयाजीचा रबरी पट्टा

महाडात सयाजीचं नाव निघालं की पाठोपाठ पुराची गोष्ट निघते. एकवीस सालच्या पुरात पाणी चढायला लागलं, तेव्हा गाड्यांची वायरिंग करणाऱ्या या माणसाने गल्लोगल्ली फिरून बॅटऱ्या सोडवल्या आणि वरच्या मजल्यांवर पोचवल्या. त्याचा भारी गवगवा झाला. मग स्वारीने एक खूळच काढलं. बॅटरी नट-बोल्टने आवळायची नाही, रबरी पट्ट्याने बांधायची. "पानी चढताना पाना शोधत बसायचं काय? एका झटक्यात सुटली पायजे!" पुरात गाडी गेलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते पटणारच.

तर या सयाजीकडे शौनक आला. चारुशीलाबाईंचा मुलगा. बाई पोलादपूरला शाळेत गणित शिकवतात. सयाजीची मुलगी पूजा त्यांच्याच हाताखाली दहावी पास झाली. शौनक पुण्यात नोकरी करतो आणि जुनी कॉन्टेसा घेऊन ड्रॅग रेसिंगला उतरतो. सरळ पट्टी, दोन गाड्या, पंधरा-वीस सेकंदांत निकाल. तेवढ्यासाठी वर्षभर राबायचं! हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नव्हे. त्याला बॅटरी पुढून काढून डिकीत हवी होती. मागच्या चाकांवर वजन आलं की गाडी सुटताना पकड घेते.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गॅरेजवर आल्या. "सयाजीभाऊ, याला अडवलं तर चोरून करेल. तुम्ही गाडी सुरक्षित आहे म्हणालात, तरच मी शर्यतीला जाऊ देईन."

"बाई, माझा शब्द हाय," सयाजी म्हणाला.

आणि काम त्याने खरंच मन लावून केलं. अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल नळीतून मागे नेली. पत्र्याला भोक पाडलं तिथे रबर बसवलं, म्हणजे कडेने केबल कापली जाऊ नये. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. डिकीबाहेर एक खटका, तो ओढला की सगळी वीज बंद. बॅटरी झाकणाच्या पेटीत आणि पेटीची वाफ नळीने थेट गाडीबाहेर. शेवटी पेटीवरून त्याने आपला रबरी पट्टा ओढून बांधला.

"काका, हिला बोल्ट नको?" शौनकने विचारलं.

"तू गाडी पळव रे. बॅटरीचं मला शिकवू नको."

रविवारी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर दोघे गाडी पळवून बघायला गेले. गाडी सुटली ती काय सुटली! सयाजी सीटला चिकटला आणि पोरासारखा हसला. तेवढ्यात एक म्हैस रस्त्यात आली. शौनकने करकचून ब्रेक दाबला. मागे धाडकन आवाज झाला.

डिकी उघडली. पट्टा तुटला होता आणि पेटी मागच्या सीटच्या पत्र्यावर आदळून आडवी पडली होती. झाकण होतं म्हणून बॅटरीचं टोक पत्र्याला लागलं नाही. लागलं असतं तर ठिणगी, आणि पेट्रोलची टाकी तिथेच हातभर अंतरावर. सयाजीने आधी डिकीबाहेरचा खटका ओढला.

"काका, आईला नको सांगूया," शौनक म्हणाला. "बोल्ट मारू आणि विसरून जाऊ."

बोल्ट मारले. लोखंडी पट्टी घालून, गाडीच्या चासीपर्यंत चार बोल्ट. दोघांनी जोर लावून पेटी हलवून पाहिली, हलली नाही. खरं तर काम फत्ते झालं होतं. पण सयाजीला चहा गोड लागेना. दिलेला शब्द खोटा पडला होता आणि ते बाईंना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो त्यांच्या दारात उभा राहिला आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं, म्हशीसकट.

बाई रागावल्या नाहीत.

म्हणाल्या, "माझ्या गाडीलाही तुम्ही पट्टाच बांधलाय ना? रोज त्याच गाडीने पोलादपूरला जाते मी."

"व्हय, बाई."

"अशा किती गाड्या आहेत गावात?"

सयाजीला आकडा तोंडपाठ होता. चहाच्या टपरीवर तो छाती फुगवून सांगायचा. आज तो आकडा तोंडातून फुटेना.