लग्नपत्रिकांवरच्या वायरी

माझ्या नवऱ्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. घरात आजवर आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरची, प्रिंटरची, कॅमेऱ्याची वायर त्यात आहे. यंत्रं केव्हाच भंगारात गेली, वायरी मात्र सुखाने नांदतायत.

दिवाळीच्या आधी मुलीने नवा लॅपटॉप घेतला. त्याच्या कडेला नखाएवढी दोन भोकं, बस्स. "आई, चार्जिंग, फाइल्स, स्क्रीन, सगळं ह्यातूनच. स्पीड तर झकास! जुनी पोर्टं आता बाद."

मला एवढंच हवं होतं. साफसफाईच्या धांदलीत, नवरा बँकेत गेलेला बघून मी अर्ध्याहून जास्त वायरी भंगारवाल्याला दिल्या. डबा हलका लागू नये म्हणून तळाशी जुन्या लग्नपत्रिका कोंबल्या, वर उरलेल्या वायरी पसरल्या. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होते मी.

महिन्याभराने मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये. मुलगी आर्किटेक्ट. नव्या इमारतीचा तिचा प्लॅन सगळ्यांना दाखवायचा होता. पण सोसायटीच्या प्रोजेक्टरला तो जुना निळा, दोन स्क्रूंचा प्लग. लॅपटॉपपासून टीव्हीच्या वायरीपर्यंत जोडणारा तुकडा तिच्याकडे होता. तिथून निळ्या प्लगपर्यंत न्यायला काही नव्हतं.

"बाबा, वाट लागली!"

"थांब गं. डब्यात असणार."

नसणार, हे मला एकटीला ठाऊक होतं. निळ्या प्लगला जोडणाऱ्या तुकड्यावर मुलीने कॉलेजात असताना लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, आणि मीच तो भंगारवाल्याच्या पिशवीत टाकला होता. नवरा डबा घेऊन आला, सगळ्यांसमोर स्टुलावर ठेवला. आता हा खाली हात घालणार आणि अख्ख्या सोसायटीसमोर लग्नपत्रिका बाहेर येणार.

त्याने झाकण उघडलं आणि वरूनच लाल ठिपक्याचा तुकडा उचलला.

पडद्यावर इमारत उमटली. तुकडा जरा ढिला होता, म्हणून नवरा तासभर तो बोटांनी दाबून उकिडवा बसला. चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

घरी आल्यावर राहवेना. "अरे, तो तुकडा..."

"भंगारवाला त्याच दिवशी गेटवर भेटला. सगळंच परत आणलं. माळ्यावर बॅगेत आहे. हा तेवढा आज डबा आणताना त्यात वर ठेवला."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढ्या मेहनतीने पत्रिका भरल्या होत्यास. तुझा आनंद कशाला घालवू? फक्त आपली तेवढी काढून कपाटात ठेवली."

कोणाच्या पत्रिका कोंबतेय ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी फराळाचा रिकामा डबा घासूनपुसून मी त्याच्यापुढे ठेवला आणि माळ्यावरची बॅग काढायला शिडी धरून उभी राहिले.